वरचा कप्पा

बुधवारी सकाळी मी उठले तेव्हा मुमताज संडासाच्या दाराला कपाळ टेकवून उभी होती आणि आतल्या सिंधूला विनवत होती, "सिंधू, तीन वर्षांत मी तुझ्याकडं काही मागितलं नाही. आज एवढं दार उघड."

आतून जे उत्तर आलं ते लिहून दाखवण्यासारखं नाही.

आम्ही तिघी कऱ्हाडात डुबलकाकूंच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. तिघी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. म्हणजे दिवसभर जंतू बघायचे आणि संध्याकाळी जंतूंना घाबरत जेवायचं. त्या दोघी तशा कमीच घाबरायच्या. घाबरण्याचं खातं माझ्याकडं होतं. मुमताज मला 'आरोग्यमंत्री' म्हणायची, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

आमच्या दाराशी माझा निळा टब असे. नळाला पाणी सकाळी तासभरच यायचं. दर वेळी हातावर पाणी ओतत बसलं तर पिंप दुपारीच तळाला जायचं. त्यावर मी तोडगा काढला होता. टबात अर्धी बादली पाणी, त्यात जंतुनाशकाची दोन टोपणं. बाहेरून आलं की, संडासातून आलं की, जेवायला बसताना, दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवायचे आणि वीस आकडे मोजायचे. पाणी दर सोमवारी बदलायचं. साबण मी बादच केला होता. एकच वडी तिघींनी वापरायची म्हणजे वडीवर जंतूंची जत्रा, असं माझं म्हणणं. मुमताजनं एकदा विचारलं होतं, की मग टबात पण तिघींचेच हात जातात ना? मी म्हटलं, त्यात औषध आहे. पुढं तिनं काही विचारलं नाही, कारण माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त होते.

खुद्द डुबलकाकू वर आल्या तरी मी त्यांना सोडायची नाही. त्या बिचाऱ्या बांगड्या मागं सारून हात बुडवायच्या, ओठात वीस मोजायच्या आणि "शिकलेल्या पोरी गं बाई," म्हणत आत यायच्या.

आणि आमची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे डबा. सिंधूचं गाव ढेबेवाडीच्या पुढं, डोंगराला लागून. तिची आई, आमची मावशी, रोज सकाळी तीन कप्प्यांचा डबा घेऊन फाट्यावर उभी राहायची. गाडी आली की तो कंडक्टरच्या हाती, आणि साडेआठला कऱ्हाडच्या स्टँडवर आमच्या हाती. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीनं रिकामा डबा परत, जिचं प्रात्यक्षिक नसेल तिच्या हातून. आमच्या बाजूच्या गावांतली निम्मी पोरं अशी एसटीच्या डब्यावर शिकली आहेत. मावशी एकट्या सिंधूपुरता डबा कधी देत नव्हती, तिघींचा द्यायची. खालच्या दोन कप्प्यांत भाकरी-कालवण, आणि वरच्या छोट्या कप्प्यात काहीतरी गंमत. कधी शेंगदाण्याचा लाडू, कधी खर्डा, कधी नुसत्या भाजलेल्या चिंचा. वरच्या कप्प्यावरून आमची रोज भांडणं होत. डबा कंडक्टर गुरवमामा आणायचे. त्यांचा आवाज असा की फाट्यावर बोलले तर वाडीत ऐकू जावं.

तर त्या बुधवारी मुमताज आणि सिंधू दोघी आडव्या झाल्या. उलट्या, जुलाब, अंगात कणकण. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, पोटाचा विषाणू असणार, एकाकडून दुसऱ्याकडं जातो, दोन-चार दिवसांत उतरेल, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. मी पाजत राहिले. दर खेपेला टबात हात बुडवत राहिले, आणि त्या दोघींनाही उठवून बुडवायला लावत राहिले. संध्याकाळी खालून बातमी आली, की डुबलकाकूंनाही सुरू झालं.

गुरुवारी सकाळी काकू जिन्याचा कठडा धरून चार पायऱ्या चढल्या आणि तिथंच बसल्या. चेहरा पार उतरला होता, पण आवाज शाबूत होता. त्या म्हणाल्या, वीस वर्षांत माझ्या घरात असलं कधी झालं नाही. ज्या पोरीमुळं हे आलं तिनं खोली सोडायची, मग ती कुणी का असेना.

हे ऐकून सिंधूनं पांघरूण डोक्यावर ओढलं. तिला भीती वाटायला कारण होतं. तिच्या वडलांनी तिला कऱ्हाडात ठेवलं होतं ते एका अटीवर. घरी एक जरी तक्रार आली तर पेटी उचलायची आणि गावी यायचं. रोज ये-जा करून शिकणं शक्य नव्हतं. शेवटची गाडी साडेपाचची, आणि आमची प्रात्यक्षिकं आलटून पालटून सहापर्यंत चालायची. खोली सुटली की कॉलेज सुटलं. परीक्षा बारा दिवसांवर आली होती.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी शोध लावायला बसले, कारण शोध लावणं हे माझं कामच होतं असं मला वाटायचं. तिघींनी आणि काकूंनी मिळून काय खाल्लं? मंगळवारचं दही. मावशीनं डब्याबरोबर कडीच्या किटलीतून दही पाठवलं होतं, आणि त्यातलं वाटीभर आम्ही काकूंनाही दिलं होतं. झालं, मी निकाल देऊन टाकला.

मुमताज उशीवरून म्हणाली, "दही तर तूही दोन वाट्या खाल्लंस. मग तुला कसं काही झालं नाही?"

"कारण मी हात नीट बुडवते," मी म्हटलं.

मुमताजनं कूस बदलली. तिच्यात बोलण्याचं त्राण असतं तर ही गोष्ट तिथंच संपली असती.

डबा घ्यायला त्या दिवशी मीच स्टँडवर गेले. गुरवमामांना म्हटलं, की मावशींना सांगा, डबा पाठवू नका, तुमच्या दह्यानं सगळ्यांना बाधलं आहे. मामांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, असंच सांगू? मी म्हटलं, असंच सांगा. त्यांनी परत एकदा विचारलं, आणि मी परत एकदा तेच म्हटलं.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. पुरावा नको का? दह्याची किटली अजून खोलीतच होती, तळाशी थोडं दही वाळलेलं. ते कापसाच्या बोळ्यावर घेतलं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन काचेच्या प्लेटवर पसरलं. त्या प्लेटवर जे खाद्य असतं त्याच्यावर आतड्यातले जंतू तेवढे जोमानं वाढतात, आणि चोवीस तासांत गुलाबी ठिपके दिसतात. डुबलकाकूंना हे ठिपके दाखवायचे असा माझा बेत होता. पण नुसती घाण दाखवून भागत नाही, शेजारी स्वच्छ नमुनाही ठेवावा लागतो, म्हणजे फरक कळतो. स्वच्छ नमुना म्हणून मी काय नेलं असेल? माझ्या टबातलं पाणी. बाटलीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला दारात मावशी उभी. बारीक चणीची बाई, लुगड्याचा ओचा खोचलेला, हातात पिशवी. गुरवमामांच्या गाडीनं डब्याऐवजी ती स्वतःच आली होती. मला वाटलं आता आपली खरडपट्टी निघणार. तिनं आधी पिशवी खाली ठेवली. सिंधूच्या कपाळावर हात ठेवला, मग मुमताजच्या. पिशवीतून तांदळाच्या कण्या काढल्या, जिरं काढलं, स्टोव्ह पेटवला आणि पेज टाकली.

मग तिनं टब बघितला.

"ह्या पाण्यात समद्या हात घालता?"

"त्यात औषध आहे, मावशी."

"असंल," ती म्हणाली. पण हात काही घातले नाहीत. मोरीवर जाऊन भांड्याच्या साबणानं कोपरापर्यंत धुतले, तांब्यानं पाणी ओतून घेतलं, आणि मगच पेज ढवळायला बसली. मला जरा राग आला. वाटलं, खेड्यातली बाई, हिला काय समजावणार.

तिनं दोघींना चमच्यानं पेज पाजली. एक वाटी खाली काकूंना धाडली. मलाही देऊ लागली, तर मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. मी पुस्तकं उचलून निघाले, तेव्हा ती खाली मान घालून वाटी पुसत म्हणाली, "माझ्या हातचं आजवर कुणाला बाधलं न्हवतं. पर तू शिकलीयास. तुला कळत असंल."

मला वाटलं, आता कळेलच की. प्लेटा तयार झाल्या असतील.

दुपारभर तास होते. चार वाजता मी इन्क्युबेटर उघडला आणि दोन्ही प्लेटा उजेडात धरल्या. एका प्लेटवर काही नव्हतं, एक ठिपकासुद्धा नव्हता. दुसरी गच्च गुलाबी होती, खसखस सांडावी तशी. मी म्हटलं, बघा. आणि खालची चिठ्ठी वाचली. कोरी प्लेट दह्याची होती.

पहिल्यांदा मला वाटलं चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या. परत वाचल्या, अक्षर माझंच होतं. तेवढ्यात आमच्या चिटणीस मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी गुलाबी प्लेट हातात घेतली आणि विचारलं, हे कुठल्या गटाराचं पाणी आणलंस? मी म्हटलं, मॅडम, आम्ही यात हात धुतो. सगळी हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, अगं, औषधाचा जोर तासा-दोन तासात उतरतो. पुढं आठवडाभर ते नुसतं साठलेलं पाणी. विषाणू काही या प्लेटवर दिसत नाही, पण आतड्यातले जंतू ज्या पाण्यात एवढे आहेत, त्या पाण्यात तोही पोहत असणार.

मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, जो मी दोन दिवस स्वतःला विचारला नव्हता.

"आणि सगळ्यात आधी आजारी कोण पडलं?"

प्लेट रुमालात गुंडाळली आणि निघाले. त्या मागून ओरडत होत्या, की जंतू घेऊन रस्त्यानं फिरू नकोस. मॅडमचं बरोबर होतं, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

खोलीवर आले तर सिंधूची गादी गुंडाळलेली. खुंटीवरचे कपडे नाहीत, खाटेखालची पेटी नाही. मुमताज भिंतीला टेकून बसली होती. तिनं सांगितलं, की काकूंनी काही म्हटलंसुद्धा नाही. मावशीच खाली जाऊन म्हणाली, माझ्यामुळं झालं असंल तर माझी पोर जाईल, दुसऱ्यांच्या पोरींना तरास नको.

"तू थांबवलं का नाहीस?"

"कुठल्या तोंडानं?" मुमताज म्हणाली. "पुरावा तर तू आणणार होतीस."

सव्वापाच झाले होते. स्टँड तिथून दहा मिनिटांवर. मी साडीत होते, कारण शुक्रवारी आमच्याकडं साडीचा दिवस असे, आणि साडीत पळणं काय असतं हे त्या दिवशी कऱ्हाडच्या बाजारपेठेनं पाहिलं.

ढेबेवाडीची गाडी फलाटाला लागलेली, भरलेली, इंजिन सुरू. मागून तिसऱ्या बाकावर मावशी, शेजारी खिडकीशी सिंधू, मांडीवर रिकामी किटली. पेटी पायांपाशी. मी चढले, माणसांतून वाट काढत तिथवर गेले आणि मावशीच्या कानाशी वाकून म्हटलं, "मावशी, दह्याचा दोष नव्हता."

मावशीनं वर बघितलं. पण बोलले गुरवमामा. ते घंटीची दोरी हातात धरून उभे होते.

"मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "कालचा निरोप मी ह्याच गाडीच्या दारातनं दिला. माझा आवाज तुला ठाऊक हाय. समद्यांदेखत बाई फाट्यावर खाली बसली. आता हा निरोप मी न्हेणार न्हाई. तुझा तू पोचीव. तवर गाडी हालत न्हाई."

गाडीतली बोलणी थांबली. ड्रायव्हरनंही इंजिन बंद केलं. मी रुमाल सोडून प्लेट काढली, जणू प्लेट बघून पन्नास माणसांना सूक्ष्मजीवशास्त्र कळणार होतं. मग ती खाली घेतली आणि सांगितलं. दह्यात काही नव्हतं. घाण माझ्या टबात होती. आणि टबात ती माझ्याच हातांनी गेली होती. रविवारी मी सांगलीला बारशाला गेले होते. तिथून येताना पोट बिघडलं. सोमवारी कॉलेजला गेले नाही. मैत्रिणींना सांगितलं, प्रवासानं अंग मोडून आलंय. खरं म्हणजे दिवसभरात सात वेळा जावं लागलं होतं. दुसऱ्यांना हात धुवायला शिकवणारीच आजारी पडली, हे कसं सांगायचं? आणि सातही वेळा मी बाहेर येऊन नीट, मनगटापर्यंत, वीस मोजून, टबात हात बुडवले होते.

पुढच्या बाकावरचा एक फेटेवाला म्हातारा शेजारच्याला समजावत म्हणाला, म्हंजे पोरीनं समद्यांना मोजून वाटलं. गाडी खदखदून हसली. सिंधूसुद्धा खिडकीकडं तोंड करून हसत होती, तिचे खांदे हलत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मावशी हसली नाही.

"सात येळा?" तिनं विचारलं. "आन् खोलीत एकटीच हुतीस? पाणी कुणी दिलं?"

"कुणी नाही."

"मग बरी कशानं झालीस?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. उत्तर मला ठाऊक होतं, मंगळवारपासून ठाऊक होतं. पण त्या गाडीत ते तोंडातून निघेपर्यंत मी स्वतःलाही ते सांगितलं नव्हतं.

"तुमच्या दह्यानं," मी म्हटलं. "दोन वाट्या खाल्लं, आणि पोट थांबलं."

आणि मग मला रडू फुटलं. अगदी नाक वाहीपर्यंत, पन्नास माणसांसमोर, हातात जंतूंची प्लेट धरून. मावशीनं पदर पुढं केला, मग प्लेटीकडं बघून मागं घेतला आणि म्हणाली, "आधी ते कुठंतरी टाक." परत गाडी हसली. या खेपेला मीही हसले.

मावशीनं सिंधूला कोपरानं ढोसलं. "ऊठ. उतर. परीक्षा हाय न्हवं तुझी?" सिंधू म्हणाली, बाबा विचारतील, निम्मा तालुका तर निरोप ऐकून बसलाय. गुरवमामा म्हणाले, आता उरलेल्या निम्म्यानं हा ऐकला, फिटलं. तुझ्या बापाला मी सांगतो. त्यांनी स्वतः पेटी खाली उतरवली, घंटी मारली, आणि गाडी सुटली. मावशी खिडकीतून सिंधूकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

पेटीची एक कडी सिंधूनं धरली, एक मी. प्लेट मी मध्ये थांबून कॉलेजात परत दिली. रस्ताभर सिंधू माझ्याशी बोलली नाही. दाराशी आल्यावर फक्त म्हणाली, "सात?" आणि आत गेली.

डुबलकाकूंना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ज्या पोरीमुळं आलं ती मी, पेटी भरू का, असं विचारलं. मग त्यांनी मला खोली सोडायला लावली नाही, महिनाभर संडास घासायला लावला, आणि रोज जिन्यात खुर्ची टाकून वीस मोजत बसल्या. टब त्यांनी मागून घेतला. त्याला भोकं पाडून त्यात अळू लावला. पुढं तो फोफावला, आणि त्याची भाजी मला पहिली वाढली गेली.

शनिवार-रविवार डबा नसायचा. सोमवारी येईल की नाही याची मला खात्री नव्हती. सिंधूला अजून अशक्तपणा होता, म्हणून स्टँडवर परत मीच गेले. गुरवमामांनी डबा दिला आणि म्हणाले, "मावशीचा निरोप हाय. वरचा कप्पा ह्या खेपेला वैजीचा. बाकीच्या दोघींनी हात लावायचा न्हाई."

वैजी म्हणजे मी, वैजयंता. मला काय आनंद झाला सांगू? वाटेत दोनदा डबा कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळत होतं. मी म्हटलं, लाडू. एकच आहे, पण मोठा आहे. खोलीवर येऊन दोघींसमोर ऐटीत बसले, निरोप जसाच्या तसा ऐकवला आणि झाकण काढलं.

आत लाल साबणाची कोरी वडी होती.

मुमताज हसता हसता भिंतीवर आपटली. सिंधू पोट धरून म्हणत होती, हसवू नको गं, अजून दुखतंय. मी वडी उचलली आणि मोरीवर गेले. मुमताजनं तांब्या घेतला आणि माझ्या हातांवर पाणी ओतलं. कोणी आकडे मोजले नाहीत. परत येऊन त्याखालचा कप्पा उघडला. तिथं रोज भाकरी असायची. त्या दिवशी तिथं दही होतं, एकीच्याच पुरतं, दोन वाट्या.